बर्फातला दीड दिवसांचा गणपती

पेणमध्ये थंडी पडल्याची एकच खात्रीची खूण आहे: माणसं पंखा पाचावरून तीनवर आणतात. ज्यांना फारच बाधते ते सकाळी दूध आणायला जाताना कानाला रुमाल बांधतात, वाटेत भेटेल त्याला 'यंदा कडाक्याची आहे हो' असं सांगतात आणि घरी येऊन पुन्हा पंख्याखाली बसतात. अशा गावात सत्तर वर्षं काढलेल्या दामोदर सरांना त्यांच्या मुलाने, शौनकने, बंगळूरहून फोन करून कळवलं, की जानेवारीत आपण चौघांनी हिमाचलात जाऊन बर्फात मुक्काम करायचा आहे. सर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. बर्फ शून्य अंशाला वितळतो हे त्यांनी पेणच्या पोरांकडून पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतलं होतं, पण स्वतः पाहिलेला बर्फ म्हणजे एक तर रसवंतीतला, नाही तर कोळणींच्या पाटीतला.

"कुठल्या हॉटेलात?" त्यांनी विचारलं.

"हॉटेल नाही बाबा, कॅरव्हॅन. गाडीतच घर असतं. गाडीतच पलंग, गाडीतच ओटा, गाडीतच बाथरूम."

फोन स्पीकरवर होता. तांदूळ निवडत बसलेल्या अनसूयाबाईंनी मान वर न करता विचारलं, "ओटा आणि बाथरूम यांच्या मधे दार आहे का?"

"आहे गं आई."

"मग चालेल," अनसूयाबाई म्हणाल्या. ज्यांची सत्तरी म्हणून हा घाट घातला होता त्या सरांना विचारायचं कोणालाच सुचलं नाही.

शौनक बुकिंग करून मोकळाही झाला होता. 'आता रद्द होत नाही' हे त्याने लागोपाठ दोनदा सांगितलं, त्यावरून वडील पुढे काय बोलणार याची त्याला अटकळ असावी. सर बोलणारच होते, पण त्याआधी अनसूयाबाई उठल्या, भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेल्या, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि म्हणाल्या, "अहो, या तारखांना तर माघी चतुर्थी येतेय."

इथे थोडं थांबायला हवं. भाद्रपदातला गणपती सगळ्या जगाचा असतो. दामोदर सरांच्या घरचा गणपती माघातला, दीड दिवसांचा. त्यांच्या वडिलांनी तो आणायला सुरुवात केली आणि त्यानंतर एकही माघ कोरडा गेला नाही. सरांच्या लहानपणी त्या दोन दिवसांत घरात पाय ठेवायला जागा नसे. आते-मामे भावंडं माजघरात एका रांगेत झोपत आणि एकाने कूस बदलली की सगळ्या रांगेला बदलावी लागे. आरतीला टाळ पुरत नसत, तेव्हा कोणी ताम्हण-पळी वाजवी, कोणी डब्याची झाकणं. सरांचं लग्न झाल्यावर तर रोह्याहून अनसूयाबाईंचे भाऊ पहिल्या एसटीने वालाच्या शेंगांची पोती घेऊन उतरू लागले. विसर्जन करून आलं, की मागच्या शेतात पोपटी लागे. मडक्यात शेंगा आणि बटाटे, तोंडाशी भांबुर्डीचा पाला कोंबलेला, मडकं उपडं आणि वर जाळ. त्या पाल्याचा वास दुसऱ्या दिवशी शाळेच्या दप्तरालासुद्धा यायचा, आणि मास्तर रागावण्याऐवजी 'मला ठेवली का रे?' असं विचारायचे.

मग मास्तर गेले, मामा गेले, भावंडं ठाणे-पुणे-अमेरिका अशी पांगली. गेल्या वर्षी आरतीला दोघंच होते. सरांच्या हातात निरांजन, अनसूयाबाईंच्या हातात घंटा, टाळ्या वाजवायला हात उरले नव्हते. आरती संपल्यावर सर बराच वेळ पाटासमोर बसून राहिले आणि त्याच दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं, की पुढच्या माघात बसवायचा तो शेवटचा. आपल्या मागे कोणी कंटाळून बंद करण्यापेक्षा आपल्याच हातांनी मानाने पोचवलेला बरा. हे त्यांनी फक्त बायकोला सांगितलं होतं.

"मुलाला सांगितलंत?" अनसूयाबाईंनी तेव्हाच विचारलं होतं.

"त्याला काय सांगायचं? त्याला तिथी तरी ठाऊक आहे का?"

आणि आता ते सिद्धच झालं होतं. फोन ठेवल्यावर सर जड आवाजात म्हणाले, "चला, ठरलंच म्हणायचं. यंदा बसवायलाच नको."

"शेवटचा म्हणालात ना?" अनसूयाबाईंनी सूप आपटून खडे खाली पाडले. "मग तो असा चोरून टाळायचा नाही. शेवटचा असेल तर पोराच्या डोळ्यांदेखत होऊ दे. आपण सगळे गाडीत राहणार ना? गणपतीही गाडीत बसेल."

चाळीसएक वर्षांच्या संसारात सर एक गोष्ट शिकले होते. अनसूयाबाई सूप आपटून बोलल्या, की तो विषय संपलेला असतो.

सरांचा माजी विद्यार्थी निकेश याचा गणपतीचा कारखाना जवळच होता. त्याच्या मूर्ती खोक्यांत बसून दुबई-अमेरिकेला जात, त्यामुळे परगावचं त्याला कौतुक नव्हतं. पण बर्फ म्हटल्यावर त्याने ब्रश खाली ठेवला.

"सर, शाडू हाय. गारठ्यात तडकला तर मला बोलायचं नाय."

"ऊबेत ठेवू."

"लय ऊबेतबी नाय चालायचा. आणि ओल तर आजिबात नाय." एवढं बजावून त्याने मांडीवर मावेल अशी वीतभर मूर्ती काढली, पेंढा आणि कागदाच्या कपट्यांत बसवली आणि सवयीने विचारलं, "पुढल्या वर्षी हीच उंची धरू ना?"

खरं तर 'पुढल्या वर्षीचं धरू नकोस' हे सांगायलाच सर स्वतः आले होते. वाटेत त्यांनी वाक्य जुळवलंही होतं. पण तोंडातून निघालं ते "बघू," आणि ते खोकं छातीशी धरून घरी आले.

एव्हाना आळीत बातमी पसरली होती आणि सल्ले घरपोच येऊ लागले होते. मागच्या गल्लीतली चंद्रावती, धरमतरच्या खाडीकाठची, पेणच्या बाजारात सुकी मासळी विकणारी, पुडकं घेऊन ओटीवर येऊन बसली.

"गो बाई, बर्फात चाललीस तं थोडी सुकट ने. भाजून खाल्लीस का अंगात ऊब ऱ्हाते."

"अगं, गणपती आहे बरोबर," अनसूयाबाई म्हणाल्या. मासळी या घरात एरवीही शिजत नसे, पण ते बोलून कशाला दाखवा.

"मंग गणपती गेल्यावर खा," चंद्रावतीने तोड काढली. पुडकं तिने परत नेलं नाही.

समोरचा विशाल धाटावच्या कंपनीत शिफ्टला जाई. तो कामावरून परतताना एक जाकीट घेऊन आला. "सर, कोल्ड रूमचं हाय. उणे वीसला चालतं. साहेबांना विचारूनच आणलंय, आल्यावर द्या." सरांनी ते अंगात घालून आरशात पाहिलं. आतून उबदार होतं आणि समोरून ते एखाद्या गिर्यारोहकासारखे दिसत होते. आरशात पाठ दिसत नाही हा प्रकाशाचा साधा नियम त्या वेळी त्यांच्या लक्षात आला नाही. पाठीवर भल्या मोठ्या लाल अक्षरांत 'सावधान! ज्वालाग्राही' असं छापलेलं होतं.

ते पहिल्यांदा लक्षात आलं विमानतळावरच्या शिपायांच्या. सरांना रांगेतून बाजूला काढलं. मांडीएवढं खोकं कवटाळलेला, डांबरगोळ्यांचा वास येणारा, पाठीवर स्वतःच इशारा लिहून आलेला माणूस त्यांनी याआधी पाहिला नसावा. जाकिटाचा खुलासा होईपर्यंत सरांच्या चार माजी विद्यार्थ्यांनी त्यांना पाहून नमस्कार केला, आणि प्रत्येकाला 'काही नाही, असंच' म्हणताना सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग खोक्याची पाळी आली. यंत्रातून गणपती आडवा करून घालायचा म्हटल्यावर अनसूयाबाईंनी ठाम नकार दिला. वरिष्ठ अधिकारी आला. तो बिचारा भाविक निघाला. हाताने तपासतो म्हणाला. पण मूर्तीच्या चेहऱ्यावर रुमाल बांधलेला होता.

"माताजी, चेहरा दिखाना पड़ेगा."

"नहीं दिखा सकते. घर में जाने के बाद ही रुमाल निकालते हैं. हमारे में ऐसा ही है."

"लेकिन पहचान कैसे होगी?"

"सोंड है ना दिखती," अनसूयाबाई म्हणाल्या.

अधिकाऱ्याने रुमालाच्या खालून बाहेर आलेल्या सोंडेकडे पाहिलं आणि हात जोडून जाऊ दिलं. सरांना मात्र बूट काढायला लावले.

चंदीगडला शौनक आणि सूनबाई ऋजुता भेटली. खोकं पाहून शौनक गोंधळला. अनसूयाबाईंनी तिथी सांगितली, तेव्हा तो खजील होऊन म्हणाला, "अरे हो. माघ. मी फक्त तारखा बघितल्या." सर काही बोलले नाहीत. ते काही बोलले नाहीत हे सगळ्यांना कळेल अशा बेताने ते बोलले नाहीत.

कॅरव्हॅन मनालीच्या वर, एका सफरचंदाच्या बागेच्या कडेला उभी होती. झाडांवर पान नव्हतं, आणि खाली, वर, समोरच्या डोंगरावर, नजर जाईल तिथे पांढरं. अनसूयाबाई गाडीतून उतरल्या, वाकून चिमूटभर बर्फ उचलला आणि तळहातावर धरून बघत राहिल्या. "आमच्याकडे लग्नात तांदूळ असे उडवतात," त्या कोणालाच न उद्देशून म्हणाल्या. सरांना त्या क्षणी त्या रोह्याच्या मांडवातल्या मुलीसारख्या दिसल्या आणि आपण आलो ते बरं झालं असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. मग त्यांचा पाय घसरला.

गाडीची देखभाल करणारा बेलीराम म्हणून एक गडी होता. त्याने सगळं समजावून सांगितलं: हीटर कसा लावायचा, गॅस पेटवताना खिडकी कुठली किलकिली ठेवायची. आणि एक गोष्ट त्याने बोट नाचवून सांगितली. झोपताना नळ बारीक सोडून ठेवायचा. पाणी थेंब थेंब वाहतं राहिलं पाहिजे. थांबलं की पाइपात गोठलं म्हणून समजा.

हे त्याने पंजाबातल्या माणसांना सांगितलं असतं तर चाललं असतं. पेणच्या माणसाला सांगून उपयोग नव्हता. ज्यांनी उन्हाळेच्या उन्हाळे पहाटे उठून नळाखाली हंडे लावले, पाणी जायच्या आत पातेली, तपेली, अगदी आमटीचे वाडगेसुद्धा भरून घेतले, त्यांच्या कानाला टपटप ऐकू आली की झोप उडते. सकाळी नळ सोडला तर आतून नुसता सुस्कारा आला. पाइप दगडासारखा गोठला होता.

बेलीरामने कपाळाला हात लावला. चौकशी सुरू झाली.

"मी बंद केला," अनसूयाबाईंनी कबूल केलं. "किती वेळ ऐकू? पाणी वाया जात होतं."

"मीही उठलो होतो बंद करायला," सर म्हणाले. "बघतो तर आधीच बंद. मला बरंच वाटलं."

शौनक घसा खाकरून म्हणाला, "मी पण." सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "सवय आहे ना आई. तू मला हंड्याखाली उभं करायचीस, शाळेच्या आधी. अजून बंगळूरला शेजारचा नळ गळला तर मी जागा होतो."

एकटी ऋजुता, नागपूरकडची, सबंध वेळ शांत झोपली होती. पण शौनकचं हे बोलणं ऐकून सरांना थोडं बरं वाटलं. पोरगा अजून अगदीच गेलेला नाही, असं काहीसं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी ते लगेच झटकून टाकलं. ठरलं ते ठरलं.

त्या दिवशी चतुर्थी, आणि घरात पाण्याचा थेंब नाही. बाहेर मात्र डोंगरच्या डोंगर पाणी पडलेलं. सरांमधला शिक्षक जागा झाला. पातेली भरभरून बर्फ आत आणायचा आणि वितळवायचा. भरलेल्या पातेल्यातल्या बर्फाचं पाणी तळाशी चार बोटं होतं हे त्यांनी फळ्यावर अनेकदा सिद्ध केलं होतं, तरी प्रत्यक्षात बघून ते दुखावले. सकाळभर दोन शेगड्या पेटत्या राहिल्या. एका शेगडीवर आंघोळीचं पाणी, दुसरीवर मोदकांची उकड. कारण तिळाचे लाडू घरून आणलेले असले तरी उकडीच्या मोदकांवाचून गणपती बसतो हे अनसूयाबाईंना मान्य नव्हतं. दूर्वा त्यांनी अंगणातून ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या होत्या. त्या बाहेरच्या कप्प्यात राहिल्या आणि आता त्यांची जुडी काडीसारखी कडकडीत झाली होती. गरम पाण्याच्या वाफेवर धरून त्यांना शुद्धीवर आणलं.

गणपती बसला. ओट्याजवळच्या घडीच्या टेबलावर, हीटरपासून ना लांब ना जवळ, निकेशने सांगितलं होतं तसा. शौनकने सोवळं म्हणून थर्मल पँटवर उपरणं गुंडाळलं. प्राणप्रतिष्ठेचे मंत्र सर म्हणत होते, आणि तेवढ्यात मूर्तीच्या मुकुटावर टप्‌ असा आवाज झाला.

सर्वांनी वर पाहिलं. सकाळपासूनची सगळी वाफ छताला लागून तिथे गार झाली होती आणि आता थेंबाथेंबाने खाली यायच्या तयारीत लोंबत होती. जिकडे तिकडे थेंब. 'ओल तर आजिबात नाय,' निकेश बजावून बोलला होता. दुसरा थेंब सोंडेवर पडला आणि रंगाची एक बारीक गुलाबी रेघ खाली ओघळली.

अनसूयाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, काहीतरी करा."

कोकणातला माणूस काशीला जावो नाही तर कैलासाला, सामानात छत्री असतेच. शौनकने येताना त्या छत्रीला हसून घेतलं होतं. सरांनी ती बॅगेतून ओढून काढली, खटकन उघडली आणि गणपतीच्या डोक्यावर धरली. पुढची सगळी पूजा एका हाताने झाली. 'छत्रं समर्पयामि' हा उपचार दर वर्षी अक्षता टाकून भागवला जाई. या वर्षी तो अक्षरशः झाला, हे ऋजुताने हळूच म्हटलं तेव्हा अनसूयाबाईंना रडता रडता हसू आलं. मग छत्री वरच्या पलंगाच्या कठड्याला उपरण्याने बांधली. माणसं मात्र थेंब झेलत राहिली.

आरतीला बेलीराम आणि त्याची बायको आली. सहा माणसांनी आरती धरल्यावर गाडी चाकांवर डुलायला लागली. शौनकने दोन चमचे हातात घेतले होते आणि तो सगळ्या आरत्या पाठ म्हणत होता, अडखळायच्या कडव्यांसकट. सर निरांजन ओवाळता ओवाळता एकदम थांबले. एवढ्या माणसांचा आवाज गणपतीसमोर त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. त्यांना माजघर आठवलं, ती झोपलेली रांग आठवली, आणि असं आत्ताच का आठवावं म्हणून ते स्वतःवर चिडले. शेवटचा गणपती इतका छान व्हायला नको होता.

दुसऱ्या दिवशी विसर्जन. बागेच्या खाली ओढा आहे, असं बेलीरामने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ओढा होता, पण तो पांढरा, सपाट आणि मुका पडला होता. मिरवणूक काठाशी उभी राहिली. खालच्या नदीकडे जाणारा रस्ता बर्फ पडून बंद होता.

"यहीं ऊपर रख दो जी," बेलीराम म्हणाला. "अप्रैल में अपने आप बह जाएगा."

"दीड दिवसांचा गणपती आहे," अनसूयाबाई म्हणाल्या. "एप्रिलपर्यंत पाहुणा नाही ठेवत कोणी उघड्यावर."

ऋजुताने बादली सुचवली. पण गाडीत एकच बादली होती आणि ती कुठली, हे आठवल्यावर तिनेच शब्द मागे घेतला. सरांनी कढत पाण्याचं पातेलं मागवून बर्फावर ओतलं. मोठी वाफ आली, आणि ती विरल्यावर वाटीएवढा खळगा दिसला. तोही बघता बघता गोठला. शेवटी शौनक आणि बेलीरामने चाक बदलायची पहार आणली आणि घामाघूम होईपर्यंत घाव घातले. बर्फाला भगदाड पडलं आणि खालून खळखळ ऐकू आली. काळंभोर, जिवंत पाणी वाहत होतं.

सर गुडघे टेकून बसले. मूर्ती त्यांच्या दोन्ही हातांत होती. यजमान म्हणून घोषणा त्यांनीच द्यायची. त्यांनी श्वास घेतला.

"गणपती बाप्पा..."

"मोरया," सगळे म्हणाले. बेलीरामचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

आणि पुढे सर बोलेचनात. ओठ हलले, आवाज आला नाही. मूर्ती हातात तशीच, नजर पाण्याकडे.

ऋजुता फिजिओथेरपिस्ट. तिच्या मनात वेगळीच शंका आली: अर्धांगाचा झटका तर नाही? ती घाईने पुढे झाली. "बाबा, माझ्याकडे बघा. जरा हसून दाखवा."

सर हसले नाहीत.

"दोन्ही हात वर करा बघू."

"हातात गणपती आहे," सर म्हणाले. "मला काही झालेलं नाही. पुढच्या वर्षी लवकर या, असं मला म्हणता येत नाही. मी ठरवलंय, हा शेवटचा. बोलावणार नसताना या कसं म्हणू? त्याच्या तोंडावर खोटं नाही बोलवत मला."

शौनकने आईकडे पाहिलं. ती पदर घट्ट धरून डोंगराकडे बघत होती.

"मला विचारायचं तरी," तो म्हणाला.

"कोणाला विचारू? तू येत नाहीस." सरांच्या आवाजात राग नव्हता. "गेल्या वर्षी आरतीला आम्ही दोघंच. मी आहे तोवर निभेल. पण माझ्यामागे तुझ्या आईने एकटीने घंटा वाजवत बसायचं का? फार वाईट वाटतंय मला, पण माझ्या हातांनी पोचवतो."

"पण तुम्हीच म्हणता ना, रजा मिळत नसेल तर राहू दे म्हणून? दर वर्षी फोनवर म्हणता. मला वाटलं तुम्हाला आता झेपत नाही. गर्दी नको वाटते. म्हणून मी विचारायचंच बंद केलं."

सर हे दर वर्षी म्हणत असत, हे खरं होतं. म्हणताना दर वर्षी ते वाट बघत असत, की पोरगा म्हणेल, नाही बाबा, येतोच.

"राहू दे म्हटलं की राहू द्यायचं असतं होय रे?" अनसूयाबाई डोंगरावरची नजर न काढता म्हणाल्या. "आणि तुम्हीही. ये म्हणायला काय जीभ झिजते?"

शौनक बर्फात गुडघ्यांवर बसला. त्याने वडिलांच्या गारठलेल्या हातांखाली आपले हात घातले. मूर्ती आता चार हातांवर होती.

"पुढच्या वर्षी लवकर या," तो म्हणाला. पहिल्यांदा आवाज फाटला, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं. त्या वेळी सरांचा आवाजही त्यात मिसळला, जरा उशिरा, पण मिसळला. मूर्ती पाण्यात उतरली, क्षणभर तरंगल्यासारखी झाली आणि बर्फाखालच्या प्रवाहातून निघून गेली.

मग शौनकने नाक पुसलं आणि फोन काढला. "पुढच्या वर्षी कधी आहे? रजेचं आत्ताच टाकून ठेवतो. पेणला. चार दिवस."

"आत्ता कसं सांगू?" अनसूयाबाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षीचं कॅलेंडर अजून बाजारात तरी आलंय का?"

"दहा फेब्रुवारी," सर म्हणाले. "बुधवार आहे."

"लवकर या म्हटलं तर हा उशिराच येतोय," शौनक म्हणाला.

"मधे अधिक महिना येतो. त्याला इलाज नाही."

ऋजुता सासऱ्यांकडे बघतच राहिली. "पण बाबा, तुम्ही तर बोलावणारच नव्हतात. मग तारीख कशाला काढून ठेवलीत?"

सरांनी माकडटोपी डोळ्यांवरून खाली ओढली, आणि बराच वेळ ती तशीच राहू दिली.